फिरत्या डब्यातली माय

माझी उमेदीची वर्षं कुठलीही गोष्ट हलू न देण्यात गेली. खोटं नाही सांगत. सुरतेत उधन्याला साडीची डिझाइनं काढणाऱ्या एका स्टुडिओत मी ट्रेसिंगच्या कामाला होते. बाहेरच्या माणसाला वाटतं, साडीवर फूल छापलं म्हणजे छापलं, त्यात काय एवढं. डोंबल! एका फुलात पाच रंग असले तर पाच वेगळ्या पारदर्शक फिल्म लागतात. काचेचं टेबल असतं, काचेखाली ट्यूबलाइट. त्यावर मूळ चित्र ठेवायचं, वर फिल्म पसरायची आणि एका फिल्मवर एकाच रंगाचा भाग काळ्या शाईनं भरायचा. पाकळ्या एकीवर, पानं दुसरीवर, देठ तिसरीवर. मग त्या फिल्म पलसाण्याच्या मिलवर जायच्या, तिथं त्यांच्या छापायच्या जाळ्या बनायच्या आणि कापडावर एकावर एक रंग पडायचे. ट्रेसिंग करताना हात केसभर सरकला, तर लाल रंग फुलाच्या बाहेर. घाईत लावलेली लिपस्टिक ओठाबाहेर जावी तसं दिसायचं ते.

आमचे मास्तर सुरतीच होते. साठी उलटलेली, चष्मा कायम कपाळावर, आणि तोच चष्मा दिवसभर शोधत बसायचे. माझ्या दोन फिल्म एकमेकींवर ठेवून ते उजेडात धरायचे आणि जरा फरक दिसला की बोंब मारायचे, "हली गयुं, बेन! हली गयुं!" हललं म्हणजे काम वाया. मला राग यायचा, पण त्यांचं बरोबर असायचं, म्हणून आणखी राग यायचा.

दुसरी शिकवण रिपीटची. साडी लांबलचक, पण डिझाइन असतं हातभर. तेच पुन्हापुन्हा छापायचं. म्हणून वेल जिथं संपते तिथंच ती सुरू झाली पाहिजे, सांधा कुणाला सापडता कामा नये. यात मात्र माझा हात धरणारं कुणी नव्हतं. मास्तरही माझा सांधा बोटानं शोधायचे आणि हार मानायचे.

घरी आम्ही तिघं होतो. माय, आबा आणि मी. मूळचे शिरपूरकडचे, तापीकाठचे. आबा मुलखावेगळे गप्प आणि माय मुलखाची बोलकी. सुरतेत येऊन इतकी वर्षं झाली तरी माय तापीच्या पुलावर उभी राहिली की म्हणायची, "आपला गावनं पानीच आठे येस." आपल्याच गावचं पाणी इथं येतं म्हणून आपणही परके नाही, असा तिचा हिशेब. माझं लग्न जमत नव्हतं. स्थळं यायची, चहा प्यायची, माझं तोंड ऐकायची आणि निघून जायची. माय म्हणायची, "तोंड तुनं आणि धपका माले." तिच्यावर गेले होते मी, दुसरं काय.

माय घरी बसून साड्यांचे लोंबते धागे कापायची आणि कापताना गायची. लग्नाची गाणी, हळदीची गाणी, आणि सगळ्यांत जास्त कानबाईची. कानबाई म्हणजे आम्हा खान्देशी लोकांची देवी. श्रावणातल्या रविवारी नारळाला डोळे, नथ, दागिने घालून तिला घरात बसवायचं आणि सोमवारी सकाळी डोक्यावर घेऊन, वाजतगाजत नदीला पोचवायचं. देवी पुढं आणि गल्लीतल्या सगळ्या बायका तिच्यासमोर फुगड्या घालत, नाचत. माय त्यात सगळ्यांच्या पुढं. तिचं एक गाणं होतं, कानबाई गाडीत बसून माहेराहून निघते आणि वाटेत एकेक गाव लागतं असं. मूळ गाणं नदीपाशी संपायचं. मायनं त्यात पदरची कडवी घातली होती. तिची कानबाई नंदुरबारवरून चलथाणला यायची, तिथं उसाचा रस प्यायची आणि उधन्याला येऊन लूमचा खडखडाट ऐकून कानावर हात ठेवायची. बायका हसून हसून लोटपोट व्हायच्या.

ढोलकी आबांची. आणि इथं मला जरा थांबून सांगायचंय, कारण पुढचं सगळं यावर आहे. आमच्या गावचे जुने ढोलकीवाले गाणाऱ्या बाईकडं बघत नाहीत, नाचणाऱ्या बाईच्या पायांकडं बघतात. बाई दमली की तिचा हात कमरेवर जातो. तो गेलेला दिसला की ढोलकी एकदम थांबवायची नाही. एकदम थांबवली तर बाई अडखळते, चारचौघींत तिला लाज वाटते. ढोलकी हळूहळू उतरवत आणायची. थाप लांब लांब करायची. म्हणजे बाई आपसूक हळू होते, खाली बसते, आणि ती टेकली की शेवटची थाप पडते. आबा याला "बाईले बसाडनं" म्हणायचे. बाईला बसवणं. आणि मायला बसवणं तर फार सांभाळून करावं लागायचं. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता, त्यात तिच्या काळजाची झडप खराब झाली होती. डॉक्टरांनी नाचू नका म्हणून सांगितलं होतं. ती त्यांना म्हणाली, "मी काय रोज नाचते का हो?" मग आबाच तिचे डॉक्टर. तिच्या आधी त्यांना तिचा दम कळायचा. ती बसायची, पदरानं तोंड पुसायची आणि आबांकडं बघून नाक मुरडायची. लवकर बसवलं म्हणून.

आबा माझ्या जन्माच्या आधीपासून लूमवर, म्हणजे कापडाच्या यंत्रमागावर. सुरतेत लूमच्या कारखान्याला खातं म्हणतात. एका पत्र्याखाली ओळीनं लूम, आणि आवाज असा की शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी त्याला नुसतं तोंड हललेलं दिसावं. तिथं सगळं हातानं बोलतात. दोन बोटांची कात्री केली की धागा तुटला. अंगठा तोंडाशी नेला की चहा. मिशीवरून हात फिरवला की शेठ आला. आबांचे कान हळूहळू गेले. आधी त्यांना पाखरांचा आवाज येईना, मग दाराची कडी, मग माय. एका श्रावणात त्यांनी ढोलकीवर थाप मारली आणि मान तिरकी करून बसले. पुन्हा मारली. मग ढोलकी खुंटीला लावली आणि म्हणाले, "माले माझीच थाप ऐकू येस नही." त्यानंतर घरातही आम्ही खात्यासारखे हातानं बोलायला लागलो.

ढोलकी गेली, तसा गल्लीतल्या लोकांनी त्यावर उपाय काढला. चांगल्या मनानं काढला, त्याबद्दल मी कुणाला बोल लावत नाही. बिचारीला गाताना आणि नाचताना दोन्हीकडून दम लागतो, तर गाणं आधीच भरून ठेवू, म्हणजे तिनं नुसतं नाचायचं. टेप घेऊन आमच्या घरी आले. मायनं उभ्यानं टाळ्या वाजवत, ठेका धरत गाणं म्हटलं. केवढी खुशीत होती! मग त्यांनी ते एकच गाणं एका कॅसेटवर पुन्हापुन्हा भरलं, दोन्ही बाजू भरून. मधे खंड पडायला नको.

त्या सोमवारी हातगाडीवर टेप आणि दोन भोंगे. मायचाच आवाज, पण भोंग्यातून आलेला, मोठाच मोठा. आणि त्यापुढं माय. गायचं काम नव्हतं म्हणून ती नेहमीपेक्षा जास्त नाचली. गाणं संपायच्या आत सुरू व्हायचं. मी पुढं देवीशेजारी आरतीचं ताट धरून होते. आबा मागं, पुरुषांत. त्यांनी तिचा हात कमरेवर गेलेला पाहिला. ते ओरडले, "थांबाडा! तिले बसाडा!" भोंग्यापुढं कुणाला ऐकू जातंय? बहिरा माणूस ओरडत होता आणि त्या दिवशी बाकीचे सगळे बहिरे. टेपला डोळे नसतात. तो वाजत राहिला.

माय रस्त्यातच पडली. बायकांनी पाणी पाणी केलं. मी एका घरात घुसून तांब्या भरून आणला. मी पोचले तेव्हा तिचे डोळे मिटलेले होते. भोंग्यातून अजून ती गात होती. कुणीतरी मग वायर ओढली.

नंतरचे महिने मी रडले, भांडले, शेजारणींना टाकून बोलले. आबांनी यातलं काहीच केलं नाही. ते खात्यावर जायचे, यायचे, भिंतीला पाठ लावून बसायचे. एकदा मी त्यांच्यासमोर बसून हातानं विचारलं, काय होतंय? बहिऱ्या माणसाला स्वतःचा आवाज कळत नाही. ते मोठ्यांदा म्हणाले, अख्ख्या चाळीला ऐकू गेलं असेल, "डोया मिटात का ती माले रस्तावर पडेल दिखस. नाचनारी दिखतच नही. तिना आवाज तर कधीना गया."

डोळे मिटले की ती फक्त पडलेलीच दिसते. म्हणजे जिच्याबरोबर सगळा संसार केला त्या बाईचं एवढंच त्यांच्यापाशी उरलं होतं. मी गल्लीतून तिची मूळ कॅसेट मागून आणली, ज्यावर गाणं एकदाच आहे ती. टेप लावला. आबांनी वाकून त्याच्या जाळीवर तळहात ठेवला. मी जीव मुठीत धरून बघत होते. गाणं चाललं होतं आणि त्यांचा चेहरा कोरा. हात काढून घेत ते म्हणाले, "लूमसारखंच थरथरस." मी टेप बंद केला आणि मोरीत जाऊन नळ सोडून रडले.

त्याच आठवड्यात स्टुडिओत माझ्याकडं एक मोराचं डिझाइन होतं. दोन फिल्म झाल्या आणि माझं चित्त थाऱ्यावर नसल्यामुळं दुसरीवर मोराची मान जराशी सरकली. मास्तरांनी त्या उजेडात धरल्या, आता ओरडणार म्हणून मी दात आवळून बसले. पण ते ओरडलेच नाहीत. त्यांनी वरची फिल्म एका कोपऱ्यानं उचलली, सोडली, उचलली, सोडली. मोर मान खाली घालत होता आणि वर काढत होता. मी त्यांच्या हातातून फिल्म घेतल्या आणि स्वतः उचलून-सोडून पाहिलं.

मास्तर म्हणाले, "जुवान होतो तेव्हा मुंबईत हेच करायचो मी." सिनेमाच्या आधी दाखवतात त्या जाहिरातींसाठी ते हलती चित्रं काढायचे, साबणाचा बुडबुडा नाचतोय, चहाचा कप उड्या मारतोय असली. इतकी वर्षं हा माणूस मला हलू नको हलू नको म्हणून छळत होता, आणि स्वतः हलवण्याच्या धंद्यातून आलेला! मी त्यांना तसं तोंडावर म्हटलं. ते हसले. म्हणाले, ज्याला स्थिर ठेवता येतं त्यालाच हलवता येतं.

मी त्यांना सगळं सांगितलं. मला माझी माय आबांच्या डोळ्यांसमोर उभी करायचीय, नाचती. ती पडलेली पुसून टाकायचीय. मास्तरांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. "टेप लाव. पहेलां गीत, पछी चित्र." आधी गाणं, मग चित्र.

दुपारच्या सुट्टीत आम्ही टेप लावायचो. मास्तर कागदाच्या लांब पट्टीवर पेन्सिल ओढत जायचे आणि मायच्या टाळीसरशी एक रेघ मारायचे. टाळी, टाळी, टाळी. पट्टीवर रेघा पडल्या की गाणं डोळ्यांना दिसायचं. कुठं ती घाई करते तिथं रेघा जवळ आलेल्या, कुठं शब्द लांबवते तिथं मोकळी जागा. टाळीच्या रेघेवर पाय टेकलेलं चित्र यायचं. दोन रेघांच्या मधे पाय उचलण्याची चित्रं. माझी पहिली माय बाहुलीसारखी झाली, पाय वरखाली करणारी. मास्तर म्हणाले, ही चालतेय, जिवंत नाही. पाय पडायच्या आधी गुडघा वाकतो, तिथं जीव आहे, तो काढ. आणि पदर उशिरा येऊ दे. बाई गिरकी घेऊन थांबते तेव्हा पदर थांबत नाही, त्याला मागून यायचं असतं.

मग मी तिचा पदर मागून आणला. बांगड्या टाळीला वर सरकवल्या, हात खाली येताना मनगटावर घरंगळू दिल्या. तिची डाव्या पायाची एक लकब होती, टाच जरा बाहेर फेकायची. ती मला आठवतेय हे चित्र काढेपर्यंत मला माहीतच नव्हतं. कितीतरी चित्रं फाडली. चेहरा मात्र मास्तरांनी काढू दिला नाही, नुसतं नाक, नथ आणि अंबाडा. म्हणाले, चेहरा ज्याला बघायचा तो बघेल.

दाखवायचं कसं हा प्रश्न होता. मास्तरांनीच युक्ती सांगितली. पलसाण्याच्या मिलवर रंगाची भुकटी पुठ्ठ्याच्या गोल डब्यांतून येते, तसला एक रिकामा डबा मागून आणला. तो बसका कापला, वरच्या काठाला फटी पाडल्या. आतून चित्रांची पट्टी गोल लावायची, डबा फिरवायचा आणि फटीतून बघायचं. फिरायला बूड लागतं, ते आबांना सांगितलं. हातानंच सांगितलं, असं असं गरगर फिरलं पाहिजे. त्यांनी खात्यातून लूमची जुनी बेअरिंग आणली, पाटावर बसवली, तेल घातलं. "हाई कसाले?" त्यांनी विचारलं. मी खूण केली, थांबा जरा. ते मान हलवून परत भिंतीला टेकले.

पट्टी गोल बसवताना माझी सवय उफाळून आली. शेवटचं चित्र पहिल्याला असं जुळवलं की सांधा सापडू नये. मास्तरांनी डबा फिरवला, बघितलं, पुन्हा बघितलं आणि म्हणाले, "वाह बेन! रिपीट मळी गयो." रिपीट जुळला होता. आम्ही दोघंही खुळ्यासारखे खूश. सुट्टीच्या दिवशी सकाळी मी डबा घरी आणला.

दारातून ऊन येत होतं. आबांना पाटासमोर बसवलं, त्यांचं डोकं धरून फटीच्या उंचीला आणलं आणि डबा फिरवला. आधी ते नुसते डोळे बारीक करून बघत होते. मग त्यांचं तोंड उघडलं. "तुनी माय," ते म्हणाले. एवढंच. मग मी त्यांच्या हातांकडं बघितलं. उजव्या हाताची बोटं मांडीवर पडत होती. थाप, थाप, आणि मधे अंगठा. माय ज्या टाळीवर पाय टेकत होती बरोबर त्याच टाळीवर. माझ्या आबांना ऐकू येत होतं! कानांनी नाही, पण येत होतं. मी भिंतीकडं तोंड केलं, कारण मला एकाच वेळी हसू आणि रडू यायला लागलं होतं. डबा हळू होऊ लागला की मी झटका देऊन पुन्हा फिरवायचे. माय नाचत होती, आबा वाजवत होते.

मग थाप बदलली. लांब लांब पडायला लागली. आबा ढोलकी उतरवत होते. मला कळलंच नाही, मी आपली डबा फिरवतेय. त्यांची बोटं हळू झाली, आणखी हळू झाली, आणि डब्यातली माय त्याच वेगानं नाचतच होती. त्यांनी पुन्हा सुरुवात केली, पुन्हा उतरवली. कपाळावर घाम आला. मग ते एकदम ओरडले, "तिले बसू दे व! तिले दम लागस! कोनी बसाडा तिले!" आणि डब्यावर दोन्ही हात टाकून त्यांनी तो धरला. पट्टी फाटली. ते तसेच डब्याला मिठी मारून रडायला लागले. माय गेल्यापासून पहिल्यांदा.

मी काय करून बसले होते? जी गोष्ट त्या भोंग्यांनी केली तीच मी केली. चित्रांचा सांधा जुळवला, आणि माझ्या मायला बसायला जागाच ठेवली नाही.

दुसऱ्या दिवशी मास्तरांना सांगितलं तेव्हा त्यांनी फाटलेली पट्टी माझ्या हातातून घेऊन टेबलावर पसरली. मग विचारलं, "गाणं संपल्यावर टेपमध्ये काय आहे?" मला माहीत नव्हतं. गाणं संपलं की मी दरवेळी बटण दाबून टाकायचे. त्यानंतरची शांतता मला सोसायची नाही. त्यांनी टेप लावला आणि माझा हात धरून ठेवला. गाणं संपलं. टाळ्या थांबल्या. मग बांगड्यांचा आवाज, हात जमिनीला टेकल्याचा. लुगडं सळसळलं. मोठा श्वास. मग माय हसली आणि दमलेल्या आवाजात म्हणाली, "हुश्श. पानी दे व कोनी."

मी टेबलावर डोकं ठेवलं. मास्तरांनी टेप मागं घेतला आणि पेन्सिल उचलली. त्या हुश्शच्या, त्या बांगड्यांच्या, त्या श्वासाच्यासुद्धा त्यांनी पट्टीवर रेघा मारल्या. रेघा दूर दूर पडत गेल्या. मी त्यावरून माय बसवली. नाचण्याच्या चित्रांहून बसण्याची चित्रं जास्त झाली. हात कमरेवर. गुडघे वाकलेले. एक हात जमिनीकडं, मग टेकलेला. मग ती टेकली, आणि तिच्या मागून पदर आला, सावकाश, आणि मांडीवर पडला. मग ती तो उचलून तोंड पुसते आणि नथीसकट मान बाजूला वळवते.

यावेळी डबा नाही. फिल्मचे चौकोनी तुकडे कापले, त्यावर ही सगळी चित्रं शाईनं काढली, प्रत्येकाच्या मागं पांढरा कागद लावला आणि एका बाजूनं जाड चिमट्यात पकडले. अंगठ्यानं सोडत जायचं. पाहिजे तर भराभर, पाहिजे तर हळू. वेग आता ज्याच्या हातात, त्याचा.

तो पुढच्या श्रावणातला सोमवार होता. आमच्या घरी त्या वर्षी कानबाई बसली नाही, घरात मरण झालं होतं. गल्लीतून दुसऱ्यांची देवी चालली होती, भोंगे वाजत होते, आणि आबा भिंतीला टेकून बसले होते, त्यांना त्यातलं काहीच ऐकू येत नव्हतं. मी दार लोटलं आणि तो चिमटा त्यांच्या हातात दिला. त्यांनी नको म्हणून मान हलवली. मी त्यांचा अंगठा धरून पहिलं चित्र सोडलं. मग दुसरं. मग माझा हात काढला.

ते भराभर सोडायला लागले. माय नाचू लागली. डावी टाच बाहेर फेकत, पदर मागं ठेवत. आबांचा पाय जमिनीवर ठोका धरत होता. मग तिचा हात कमरेवर गेला. आबांचा अंगठा लगेच हळू झाला. एक चित्र, मग जरा थांबून दुसरं. पायाचा ठोका लांबला. ते तिला उतरवत होते, फार सांभाळून, पूर्वी उतरवायचे तसं. गुडघे वाकले. हात टेकला. माय बसली, आणि त्यांचा पाय शेवटचा जमिनीवर पडला. पदर आला. तिनं तोंड पुसलं. मान वळवली. शेवटचं चित्र त्यांनी सोडलंच नाही, अंगठ्याखाली धरून ठेवलं.

त्यांनी ती कॅसेट कधी ऐकलेली नव्हती. ऐकणं शक्यच नव्हतं, आणि त्यात शेवटी काय आहे हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. चित्रावरची नजर न काढता ते म्हणाले, "पानी लई ये तिले."

मी उठले. माठातून तांब्या भरला. तांब्या त्यांच्यासमोर ठेवला. आबांनी तो उचलून चित्राच्या शेजारी ठेवला, तिच्या हाताला येईल असा, आणि मला जवळ बसायची खूण केली. "दम खाऊ दे तिले," ते म्हणाले, यावेळी अगदी हळू आवाजात. बाहेरचे भोंगे लांब नदीकडं गेले होते. मीही त्यांच्या शेजारी जमिनीवर बसून राहिले.